श्रीधर व्यंकटेश केतकर आणि ‘ब्राह्मणकन्ये’तील सामाजिक स्थानांतर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव प्रथम येते ते ज्ञानकोशकार म्हणून. त्यांच्या कादंबऱ्यांचा उल्लेख बहुधा त्यानंतर, काहीसा संकोचाने केला जातो. समाजशास्त्राच्या पंडिताने फावल्या वेळी केलेला उद्योग, अशी त्यांची वासलात दीर्घकाळ लावली गेली. परंतु केतकरांचे चरित्र आणि त्यांचे लेखन एकत्र ठेवून पाहिले, तर १९०९ सालचा जातिसंस्थेवरील प्रबंध आणि १९३० सालची ‘ब्राह्मणकन्या’ यांच्यामधून एकच प्रश्न वाहताना दिसतो. माणसाचे समाजातील स्थान कोण ठरवते, आणि ते बदलावयाचे झाल्यास मान्यता कोणाकडून मिळवावी लागते, हा तो प्रश्न होय. केतकरांनी तो ग्रंथांत मांडला आणि संसारातही सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यांची ही कादंबरी या दोन्ही अनुभवांनंतरची आहे, ही गोष्ट तिचे वाचन करताना विसरता येत नाही.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. रायपूर त्या वेळी मध्यप्रांतात होते. बालपण व शालेय शिक्षण वऱ्हाडात, अमरावतीस झाले. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते शिकले. पुणे आणि मुंबई या मराठी विद्येच्या केंद्रांपासून दूर वाढलेल्या या चित्पावन मुलाला जन्माने मिळालेली प्रतिष्ठा होती. पण तिला साजेसे आर्थिक बळ पाठीशी नव्हते. कुळाची उंची आणि खिशाची स्थिती यांतील अंतर त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे पैशाचा हिशेब ज्या उघडपणाने करतात, त्या उघडपणाचे मूळ येथे शोधता येईल.

१९०६ च्या सुमारास ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले आणि १९११ साली त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ साली प्रसिद्ध झाला. दुसरा, हिंदू धर्मासंबंधीचा खंड १९११ साली लंडनमधून निघाला. पहिल्या खंडाचा मुख्य आधार मनुस्मृती हा होता. जात म्हणजे काय याची व्याख्या करताना केतकरांनी दोन लक्षणे सांगितली. जातीचे सभासदत्व त्या जातीच्या माणसांच्या पोटी जन्मलेल्यांपुरतेच असते, हे एक. आणि जातीबाहेर लग्न करण्यास समाजाचा कडक निर्बंध असतो, हे दुसरे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली वाचलेल्या आपल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्याख्येची दखल घेतली. केतकरांनी जातीचा विचार सुटा न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय त्यांनी दिले. परंतु केतकरांची दोन लक्षणे ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असेही दाखवून दिले. लग्न बाहेर होऊ दिले नाही की जन्माची अट आपोआप पाळली जाते. तेथून पुढे जाऊन आंबेडकरांनी जात हा दारे बंद करून घेतलेला वर्गच होय, असे प्रतिपादन केले.

हा शास्त्रीय वाद येथे एवढ्यासाठी आठवावा लागतो, की ‘ब्राह्मणकन्ये’तील सर्व घालमेल या बंद दाराशीच घडते. वर्ग बदलता येतो. माणूस पैसा मिळवतो, शिकतो, गाव सोडतो. दार मात्र लग्नाच्या जागी बंद असते. केतकरांना हे तरुणपणी ग्रंथावरून समजले होते. प्रत्यक्षात समजण्याची वेळ लवकरच आली.

अमेरिकेतून परतताना ते काही काळ लंडनला राहिले. तेथे एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी त्यांचा परिचय झाला आणि दोघांनी विवाहाचा निश्चय केला. १९१२ साली केतकर भारतात परतले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी काही काळ अध्यापन केले, निरनिराळ्या प्रांतांत हिंडून ज्ञानकोशाची योजना मांडली. विवाह मात्र झाला १९२० साली. मधली आठ वर्षे महायुद्धाची, ज्ञानकोशाच्या जुळवाजुळवीची आणि तंगीची होती. या प्रतीक्षेला भावकथेचे रूप देण्याचा मोह चरित्रकाराला होऊ शकतो. पण खरा लक्ष देण्याजोगा भाग त्या विवाहाची रीत हा आहे.

त्या काळी भिन्नधर्मीय विवाहासाठी १८७२ चा विशेष विवाहाचा कायदा उपलब्ध होता. त्याच्या आधाराने लग्न करावयाचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे वधूवरांना जाहीर करावे लागे. आंतरजातीय हिंदू विवाहांना वैध ठरविणारे विठ्ठलभाई पटेल यांचे १९१८ चे विधेयक संमत झाले नव्हते. धर्म नाकारून लग्न करणे हा मार्ग केतकरांच्या विचाराशी जुळणारा नव्हताच. त्यांनी ब्राह्मणग्रंथांत वर्णिलेला व्रात्यस्तोम हा विधी शोधून काढला. वैदिक समाजाच्या बाहेर असलेल्यांना आत घेण्याचा हा जुना संस्कार होता. तो करून एडिथबाई शीलवती झाल्या आणि वैदिक पद्धतीने विवाह लागला. ज्या माणसाने जातीचे सभासदत्व केवळ जन्माने मिळते असे लिहिले होते, त्यानेच अकरा वर्षांनंतर जन्म सोडून दुसऱ्या दाराने एका स्त्रीला आत आणले होते. यात विसंगती नाही असे म्हणता येणार नाही. मात्र केतकरांची भूमिका यातून स्वच्छ होते. रूढी मोडायची ती एकट्याच्या बंडाने नव्हे. समाजाला मान्य करावा लागेल असा विधी, असा नियम हाती घेऊन. व्यक्तीचे धाडस त्यांना अपुरे वाटे.

याच सुमारास ज्ञानकोशाचे काम उभे राहत होते. १९१६ च्या आसपास ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी नागपूरकडे स्थापन झाली आणि पुढे कार्य पुण्यास आले. १९२० च्या दशकात तेवीस खंड बाहेर पडले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी याच कामात तयार झाले. पुढे याच जोडीने महाराष्ट्र शब्दकोशाचे मोठे काम केले. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात केतकरांनी मंडळाचा इतिहास लिहिला, तो मराठीतील एक विलक्षण व्यवसायचरित्र म्हणून वाचण्यासारखा आहे. विद्वानाने भाग विकावेत, वर्गणीदार मिळवावेत, छापखान्याची देणी भागवावीत आणि उरलेल्या वेळात वेदविद्येवर लिहावे, अशी ती दिनचर्या होती. पदवी परदेशची, जन्म वरच्या जातीचा आणि रोजचे काम फिरत्या विक्रेत्याचे! समाजातील उंची मोजण्याच्या तीन निरनिराळ्या पट्ट्या एकाच माणसाला एकाच दिवशी लागत होत्या. घरखर्चालाही विद्येचाच आधार घ्यावा लागे. शीलवतीबाईंनी विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचा इंग्रजी अनुवाद केला आणि कलकत्ता विद्यापीठाने तो १९२७ साली प्रसिद्ध केला. हा अनुवाद अभ्यासक आजही वापरतात. अनुवादिका कोण हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

ज्ञानकोशाचे काम चालू असतानाच केतकर कादंबरीकडे वळले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ व ‘परागंदा’ या १९२६ मधील कादंबऱ्यांपासूनच त्यांचे क्षेत्र ठरलेले दिसते. प्रांताबाहेरचे, देशाबाहेरचे, जातीबाहेरचे मराठी लोक ही त्यांची माणसे. हरिभाऊ आपट्यांची पुण्यातील मध्यमवर्गीय घरे किंवा ना. सी. फडके यांची रेखीव प्रणयकथा यांत त्यांना रस नव्हता. समाजाच्या कडेला गेलेल्या माणसाकडे पाहिले म्हणजे समाजाची कड कोठे आहे ते कळते, अशी काहीशी त्यांची पद्धत होती.

‘ब्राह्मणकन्या’ याच पद्धतीने लिहिली गेली, पण तिच्यात प्रश्न अधिक टोकदार झाला. कालिंदीचे वडील आप्पासाहेब डग्गे हे ब्राह्मण आणि सुधारक. त्यांनी ज्या स्त्रीशी विवाह केला तिचे कूळ समाजमान्य विवाहातून आलेले नव्हते. आप्पासाहेबांच्या दृष्टीने तो सुधारणेचा विजय होता. त्याची किंमत मात्र त्यांच्या मुलांना द्यावी लागते. शिक्षण आहे, घरात सुस्थिती आहे, वडिलांचे नाव आहे. असे असूनही कालिंदीला ब्राह्मण समाजात बरोबरीचे स्थळ मिळण्याचा मार्ग मोकळा नाही. कादंबरीचे नाव येथे बोचू लागते. ब्राह्मणाची कन्या ती आहेच. ब्राह्मणकन्या म्हणून तिला कोणी घेत नाही. नावातील अधिकार आणि प्रत्यक्षातील स्थान यांमध्ये जी फट आहे, ती सगळ्या कथानकाची जागा आहे.

कालिंदी यातून जो मार्ग काढते तो त्या काळच्या वाचकाला धक्का देणारा होता. शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर ती विवाहाशिवाय राहू लागते. समाज विवाहाची प्रतिष्ठा देणार नसेल तर त्या प्रतिष्ठेचे सोंग तरी कशाला, हा तिचा तर्क आहे. शिवशरणप्पाकडे पैसा आहे, व्यवहाराची जाण आहे, स्वतःच्या जातीत त्याला पत आहे. कालिंदीकडे शिक्षण आणि अर्धेमुर्धे ब्राह्मण्य आहे. या संबंधात कोण वर आणि कोण खाली, याचा निकाल कादंबरी घाईने देत नाही. जन्माच्या मापाने ती खाली उतरली आहे. पैशाच्या मापाने ती आश्रित झाली आहे. विचारस्वातंत्र्याच्या मापाने ती वर आली, असे तिला सुरुवातीला वाटते. मूल झाल्यानंतर या तिन्ही मापांचा हिशेब एकदम समोर येतो, कारण मुलाला कोणत्या नावाने आणि कोणत्या समाजात वाढवायचे हा प्रश्न तर्काने सुटत नाही. तो संबंध टिकत नाही. आईची अडचण मुलीच्या वाट्याला आली होती, ती मुलीमार्फत पुढच्या पिढीपर्यंत पोचते. सुधारकाच्या घरातही स्थान वारशाने उतरते, ही गोष्ट केतकरांनी थंडपणे दाखविली आहे.

शिवशरणप्पाच्या उलट्या बाजूस रामराव धडफळे उभा आहे. मजूर चळवळीतील हा कार्यकर्ता पुढे कालिंदीशी विवाह करतो. दोन पुरुषांतील विरोध वरवर सोपा दिसतो: एक नफ्याकडे पाहणारा, दुसरा कष्टकऱ्यांच्या बाजूचा, एकाच्या घरी विवाहाशिवाय वास्तव्य, दुसऱ्याबरोबर प्रतिष्ठेचा संसार. पण नीट पाहिल्यास केतकरांनी हा विरोध सरळ राहू दिलेला नाही. कामगारांचा पुढारी असला तरी रामराव स्वतः कामगार नव्हे. १९२८ साली मुंबईच्या कापडगिरण्यांतील प्रदीर्घ संपातून गिरणी कामगार युनियनचे जे पुढारी गाजले, त्यांत श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, जोगळेकर असे सुशिक्षित उच्चवर्णीय तरुण होते, हे येथे आठवते. वर्गाच्या लढ्यात खाली उतरण्याची मुभाही शिकलेल्यालाच होती. कालिंदीला विवाहाचे स्थान मिळते ते अशा पुरुषाकडून, ज्याला जातीच्या निंदेने पोटाची भीती उरलेली नाही. या तपशिलात कादंबरीची समाजशास्त्रीय दृष्टी सर्वांत तीक्ष्ण झाली आहे.

मात्र येथेच लेखकाचा एक पक्षपातही उघड होतो. शिवशरणप्पाच्या मनात केतकर फारसे शिरत नाहीत. त्याची कृती कळते. त्याच्या बाजूने या संबंधाची किंमत काय होती, त्याच्या जातीत त्याला काय सोसावे लागले असेल, हे अंधारात राहते. मराठवाड्यातील बाजारपेठांतून लिंगायत व्यापारी हा घरोब्याचा माणूस आहे. बसवेश्वरांच्या परंपरेत जातिभेदाविरुद्धचे आणि कष्टाच्या प्रतिष्ठेचे केवढे मोठे बळ आहे, हेही येथील वाचकाला ठाऊक असते. हे बळ त्या पात्रात उतरले असते तर कालिंदीचा निर्णय अधिक अवघड झाला असता आणि कादंबरीही अधिक खोल झाली असती. जे आहे त्यात व्यापारी हा कालिंदीच्या प्रयोगाचे साधन होऊन राहतो.

पित्याच्या विरोधात केतकरांनी वैजनाथशास्त्री हे पात्र ठेवले आहे. आप्पासाहेबांनी एक लग्न करून सुधारणा केली आणि पुढचे समाजावर सोपवले. शास्त्र्यांना हे पटत नाही. ते नवी स्मृती रचू पाहतात. नव्या परिस्थितीतील संबंधांना, संततीला आणि वारशाला नियम पाहिजेत, अशी त्यांची दृष्टी आहे. केतकरांचा व्रात्यस्तोम आणि शास्त्र्यांची स्मृती यांतील नाते स्पष्ट आहे. कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वी जेमतेम तीन वर्षे, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले होते. कॉर्नेलमध्ये मनुस्मृतीवर ग्रंथ लिहिणारा अभ्यासक स्मृतिसंस्था सुधारून चालवू पाहत होता. कोलंबियात त्याची व्याख्या तपासणाऱ्या अभ्यासकाने तिचे प्रामाण्यच जाहीरपणे नाकारले होते. ‘ब्राह्मणकन्या’ या दोन वाटांच्या मधोमध लिहिली गेली. तिने पहिली वाट धरली, आणि दुसऱ्या वाटेवरची माणसे तिच्या चित्रात पुढे आली नाहीत. वर्गसंघर्षाची चर्चा करणाऱ्या कादंबरीतील ही उणीव लहान नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९२३ साली विशेष विवाहाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापला धर्म न नाकारता परस्परांत विवाह करण्याची सोय झाली. म्हणजे १९३० सालच्या कालिंदीपुढे नोंदणीचा मार्ग होता. तरीही तिची कोंडी खोटी वाटत नाही, कारण कायद्याने लग्न वैध होते. पंक्तीतील पान त्याने मिळत नाही. बेने इस्राएल पात्रे कथेत आणून केतकरांनी हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला आहे. मराठी बोलणारा, कोकणात शतकानुशतके राहिलेला ज्यू समाजही आपले दार सांभाळून असतो. स्वतःच्या घरातील अनुभव केतकरांनी येथे किती वापरला असेल याचा तर्क करण्याचे कारण नाही. पण ज्यू समाजाकडे परकेपणाने न पाहणारी मराठी कादंबरी त्या काळात दुसरी सहज सापडत नाही.

केतकरांची भाषा ओबडधोबड आहे, संवाद कधी व्याख्यानासारखे होतात, प्रसंग चर्चेला जागा देण्यासाठी थांबतात, हे आक्षेप खरे आहेत. फडक्यांच्या तंत्राला सरावलेल्या वाचकाला ते अधिकच खटकले. परंतु या चर्चा काढून टाकल्या तर पात्रांतील ताणही निघून जातो, कारण ही माणसे भांडतात ती मुख्यतः स्थानाच्या अर्थावरून. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ १९३३ साली आली. तिच्यात गिरणगाव प्रत्यक्ष दिसते, आवाज ऐकू येतात. केतकरांच्या कादंबरीत गिरणगाव दिसत नाही, मजूर चळवळ मुख्यतः चर्चेतून येते; पण एका सुशिक्षित स्त्रीला समाजाच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना नेमके कोठे अडवले जाते, हे त्यांच्याइतके नेटके कोणी मांडलेले नाही.

१९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. ‘ब्राह्मणकन्या’ तेव्हा नवीन होती. संमेलनाची जागा महत्त्वाची आहे. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १९९९ साली वेगळा जिल्हा झालेला हिंगोलीचा परिसर तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडत असे. साखऱ्यासारख्या गावातील एखाद्या हुशार मुलाला वर चढायचे तर त्या शिडीची भाषाच वेगळी होती. राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. पुण्यामुंबईच्या कादंबरीत शिक्षण हा स्थान बदलण्याचा पहिला उपाय असतो. येथे शिक्षणापूर्वी भाषा बदलावी लागत होती, आणि घरची मराठी खालच्या पायरीवर राहत होती. कालिंदीच्या कथेत हा अडसर नाही. परंतु मान्यता देणारा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या अटींवर वर चढावे लागते, हा तिच्यातील विचार मराठवाड्यातील वाचकाला आपल्या अनुभवावरून वेगळ्या रीतीने कळण्यासारखा आहे. अशा राज्याच्या राजधानीत मराठीचे संमेलन भरणे आणि त्याच्या अध्यक्षस्थानी ज्ञान मराठीत आणण्यासाठी झिजलेला माणूस असणे, यात योगायोगापेक्षा औचित्य अधिक होते.

पुढची वर्षे ओढाताणीची गेली. प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचा सातवाहनपर्व हा भाग १९३५ साली प्रसिद्ध झाला. ज्या पैठणच्या राजवटीविषयी तो आहे, ते पैठणही निजामाच्या राज्यात होते. ‘गावसासू’, ‘भटक्या’, ‘विचक्षणा’ या कादंबऱ्यांत स्त्रीचे स्थान आणि विवाहसंस्था यांचा विचार चालूच राहिला. ज्ञानकोशाने कीर्ती दिली, पण निश्चिंती दिली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात केतकरांचे निधन झाले. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते.

कादंबरीकार केतकरांकडे समीक्षेचे लक्ष पुरते वळण्यास वेळ लागला. द. न. गोखले यांचे चरित्र १९५९ साली आले, आणि दुर्गा भागवतांनी १९६७ साली ‘केतकरी कादंबरी’ हे स्वतंत्र पुस्तक लिहून या कादंबऱ्यांचा गांभीर्याने विचार केला. त्यानंतर दोन वर्षांनी शीलवतीबाईंच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. ‘मीच हे सांगितले पाहिजे’ हे त्या पुस्तकाचे नाव. विधीने आत घेतल्या गेलेल्या स्त्रीने आपल्या संसाराची हकीकत स्वतः मराठीत सांगितली होती. कालिंदीला कादंबरीत ती संधी क्वचितच मिळते, कारण तिच्या वतीने बोलायला शास्त्री, पिता आणि पुढारी नेहमीच हजर असतात.